सुमनच्या जागी

१० ऑगस्ट, रविवार

दुपारी पोहोचले. वाशीचं घर बंद केलं, गॅस दोनदा बघितला. एका पिशवीत कपडे, दुसरीत पाच पुस्तकं. रिक्षावाल्याने उलव्याच्या टॉवरपाशीच उतरवलं. म्हणाला, गावात रस्ता नाही. तिथून चालत.

सुमन ओट्यावर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. नळापाशी शेवाळावरून घसरली. सहा आठवडे. रुपालीने, तिच्या मुलीने, करंजाड्याहून फोन केला होता : "मावशी, माझी शिफ्ट, वर बाळ. तूच जा. आई बोलणार नाही तुझ्याशी, पण जा."

बोलली नाही. माझी धाकटी बहीण. आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापासून, म्हणजे अकरा महिने झाले, माझ्याशी एक शब्द नाही. का, ते मला माहीत नाही. मला बघून उठली, आत गेली, आणि कोंबड्यांना म्हणाली, "चा झालाय. ज्याला घ्यायचाय त्यानं घ्यावा."

घेतला. डाव्या हाताने केलेला, साखर जास्त.

वाईट वाटलं नाही. लिहून ठेवते, कारण वाटायला हवं होतं.

११ ऑगस्ट, सोमवार

भांडी, केर, पाणी. नळ सकाळी पाऊण तास. सगळे हंडे भरले, कंबर गेली.

सु.ची वेणी मला घालावी लागते. ती पाठमोरी बसते, मी विंचरते. केस अर्धे पांढरे झालेत, हे आज जवळून कळलं. गुंता सोडवताना हिसका बसला तर मान ताठ करते, पण "आई गं" म्हणत नाही.

संध्याकाळी साडेसातची मालिका. वाडीलगतच्या घरातली जनाबाय येते बघायला. तिच्या घरचा टीव्ही नातवंडांच्या ताब्यात. आगरी बाई, सत्तरीची, तोंडाला फाटक नाही. मालिकेत दोन जावा. मोठी गोड बोलते, धाकटी सोसते. त्या एवढ्या मोठ्या घरात कॅलेंडर नाही, पेपर नाही, पुस्तक नाही. कुणी कामाला जात नाही. तीस माणसांच्या पोळ्या कोण लाटतं ते दाखवत नाहीत. पूर्वी यावर पाऊण तास बोलले असते. बोललेय, औरंगाबादला, महिला मेळाव्यात. आज नुसती बघितली.

मोठी जाऊ पडद्यावर आली तशी सु. टीव्हीला म्हणाली, "आली. आता तोंड उघडंल. हिच्या तोंडापुढं कोनाचं चालतंय?"

जनाबाय : "कुनाला बोलतेस गो?"

"हिला. टीव्हीतलीला."

जनाबाय माझ्याकडे बघून हसली. मी जाहिराती बघत राहिले.

१३ ऑगस्ट, बुधवार

पुस्तक पुढे जात नाही. चरित्र आहे, चांगलं आहे, चाळिसाव्या पानावर तीन दिवस. ओळ वाचते, संपते, काही उरत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता फक्त वाचेन. मग सभा वाढल्या. एप्रिलमध्ये, जयंतीच्या दिवसांत, एका दिवसात तीन-तीन. गाडीत वाचायचं, उतरायचं, बोलायचं, हार घ्यायचा, पुढच्या गाडीत बसायचं.

गाव बघायला गेले. वाडीच्या मागे भाताच्या तीन खाचरांत अजून लावणी झालीय. चौथ्यात डंपर उभे. मिठागर होतं तिथे नुसतं गवत आणि पाटी. आई तिथे मीठ ओढायची. पाय उलायचे, रात्री कोकम तेल लावायची. मला तिथे काही तरी वाटेल म्हणून मुद्दाम उभी राहिले. डास चावले.

जेवताना सु. जनाबायला म्हणाली, "तिला सांग, आमटीत मीठ नाय."

जनाबाय : "मी काय पोस्टमन हाय का? ती हितंच बसलेय तुज्या पुढ्यात."

मीठ घातलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी जि. प. शाळेत झेंडा. पोरं कमी, पाहुणे जास्त. हेडमास्तर : "मॅडम, दोन शब्द." वीस मिनिटं बोलले. काय बोलले आठवत नाही, टाळ्या कुठे पडल्या ते आठवतं. हल्ली असंच. आवाज आपला आपण जातो, बरोबर जागी चढतो, बरोबर जागी थांबतो. मी लांब कुठे तरी उभी असते, वाट बघत, की संपलं की पाणी प्यायचं.

सु. मागच्या भिंतीला टेकून उभी होती. टाळ्या सुरू व्हायच्या आत निघून गेली.

संध्याकाळी रुपालीला फोन केला. तुझ्या आईला नेमकं काय लागलंय, आज तरी सांग, म्हटलं.

"मावशी, तुला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"आजीच्या कार्यक्रमात तू म्हणालीस, या माउलीनं अर्धपोटी राहून आपल्या सगळ्या लेकरांना शिकवलं. आई समोरच बसली होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळ्या, मावशी? तुम्ही दोघीच होतात ना?"

१६ ऑगस्ट, शनिवार

त्या दिवसाचा व्हिडिओ फोनमध्ये होता. कुणी तरी तेव्हाच पाठवलेला, उघडला नव्हता. आज ओट्यावर बसून बघितला, आवाज बारीक करून.

छत्तीस मिनिटं. मी मीठ सांगते, उन्हाळा सांगते, समाज सांगते, शिक्षण सांगते. एकविसाव्या मिनिटाला ते वाक्य येतं. उजवा हात वर. पहिल्या रांगेत सु., पांढरी साडी. वाक्य ऐकून तिने शेजारी बघितलं, कुणी तिच्याकडे बघतंय का ते. मग पदर नीट केला. मग खाली बघत राहिली, शेवटपर्यंत.

फोनमध्ये अशीच आणखी चार भाषणं आहेत. पनवेलच्या एक बाई, कळंबोलीच्या एक आजी, दोन आणखी. चारहीत ते वाक्य आहे. तेच शब्द, तोच हात. माझ्या आईच्या दिवशी मी नाव तेवढं बदललं.

काय झालं होतं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी दहावीत, सु. सातवीत. आई मिठागरावर. घरी कुणी तरी हवं होतं. एका सकाळी आई चुलीपाशी बसून म्हणाली, "सुमे, तू आज नको जाऊ." ते आज पुढे संपलंच नाही. मी होस्टेलला गेले, पुढे शिकत गेले. तिने बाबांचं केलं, मग लग्न, मग नवरा गेल्यावर माघारी येऊन आईचं केलं.

हे मला पाठ आहे. पण भाषणात आलं नाही. भाषणातल्या आईला सगळी लेकरं असतात.

माफी मागायला आत गेले. ती टीव्ही बघत होती. दुपारची पाककृती, मशरूमची कसली तरी. उभी राहिले, वाक्य जुळवलं. जुळलेलं वाक्य भाषणासारखं वाटलं. बाहेर आले.

१८ ऑगस्ट, सोमवार

मोठी चूक केली. सरळ लिहिते.

वर्षावास चालू आहे. तीन महिने रोज संध्याकाळी सातला विहारात धम्मग्रंथाची काही पानं वाचतात. साडेसातला संपवायचं, म्हणजे बाया मालिकेला घरी. मी लहानपणी जायचे. नंतर या दिवसांत मी बाहेरगावी, सभांना. आज गेले. पंधरा-सोळा बाया, चार-पाच पुरुष, एक आजोबा पहिल्या पानालाच झोपलेले. मूर्तीपुढे मेणबत्ती, चौरंगावर पांढरं कापड, त्यावर ग्रंथ. आणि वाचायला बसली सुमन.

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं तीच वाचते म्हणे.

वाईट वाचते. डावं बोट ओळीखाली, मान बोटाबरोबर. श्वास संपतो तिथे थांबते, मग ते वाक्याच्या मध्ये का असेना. चढ नाही, उतार नाही. पान उलटायला प्लास्टरच्या कडेने दाबून धरायचं, मग डाव्या हाताने उलटायचं. तेवढा वेळ सगळे थांबतात. कुणी चुळबूळ करत नाही. एवढं थांबणारे श्रोते मला कधी मिळाले नाहीत, हे तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय.

एका ठिकाणी तिची ओळ चुकली. बोट फिरवत होती. मला तो भाग तोंडपाठ. मागून पुढचं वाक्य मी मोठ्याने म्हटलं. वर्गात म्हणतात तसं. सगळ्यांच्या माना वळल्या. मी दुसरंही म्हटलं.

विहार कमिटीचे मोरेदादा, भला माणूस, एसटीतून निवृत्त, उठून म्हणाले, "मॅडम आपल्यात आहेत तर उरलेलं वाचन मॅडमनीच करावं. सुमनताईंच्या हातालाही आराम."

आणि मी म्हणाले, "चालेल."

एवढंच. विचार केला नाही. तीस वर्षं कुणीही माइक पुढे केला की हात जातो, तसा गेला.

सु.ने ग्रंथ मिटला नाही. उघडा तसाच चौरंग माझ्याकडे सरकवला आणि बायांत जाऊन बसली.

२० ऑगस्ट, बुधवार

काल आणि आज मी वाचलं. गर्दी वाढली. उलव्याच्या टॉवरमधून दोन जोडपी आली. एक बाई डोळे पुसत होती. मोरेदादांनी साउंडबॉक्स आणला.

सु. दोन्ही दिवस आली नाही. "हात दुखतोय" असं कोंबड्यांना सांगितलं.

परत आले तेव्हा मालिका चालू. धाकट्या जावेचा हार मोठीने घातलाय आणि सगळे म्हणतायत, तिला किती शोभतो. सु. टीव्हीला काहीच बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट.

जनाबाय जाताना दारात थांबली. "नऊ वर्सं वाचते ती. तुजी आय पुडं बसून आयकायची. तू आलीस नि तीन मिनटांत घेतलंस."

"मी मागितलं नव्हतं."

"मग देताना नको बोलायला तोंड नव्हतं का गो? तुला तर तोंड हाय, सगले सांगतात."

पोरगी मुलाखतीत अडकते तशी उभी राहिले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मोरेदादांकडे गेले. म्हटलं, मी वाचत नाही, सुमनच वाचेल.

"अहो मॅडम, लोकांना आवडतंय. पोरं यायला लागलीत. सुमनताईंचं मनावर घेऊ नका, त्यांना काय वाटणारे? घरचीच माणसं तुम्ही."

त्यांना काय वाटणारे. नेमकं हेच पंचेचाळीस वर्षांपूर्वी सगळ्यांना वाटलं असणार. आईला, मास्तरांना, मला.

दिवसभर बातम्या लावून बसले. एका पडद्यावर आठ खिडक्या, आठही ओरडतायत. मी दोनदा बसलेय त्या खिडकीत. मेकअप करतात, कानात बटण घालतात, आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकण्याचा चेहरा धरायचा. मला तो चेहरा छान जमायचा.

२४ ऑगस्ट, रविवार

आज वाचन झाल्यावर उभी राहिले. म्हटलं, "उद्यापासून मी वाचणार नाही. ही जागा सुमनची आहे." बसले.

कुणी तरी विचारलं, "का हो मॅडम?" पाऊण तासाचं उत्तर तयार होतं, टाळ्यांच्या जागांसकट. दिलं नाही. मला वाटलं, चांगलं केलं.

घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. सु. टीव्हीसमोर. माझ्याकडे न बघता, पण टीव्हीकडेही न बघता, म्हणाली :

"घ्यायचं पन माइकवरनं, सोडायचं पन माइकवरनं. मोठेपना दोन्हीकडनं."

अकरा महिन्यांतलं पहिलं वाक्य, आणि त्यात एक शब्द चुकीचा नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गावात काल गणपती आले. आमच्या बौद्ध वाडीत नाहीत, पण दोन्ही बाजूंनी लाउडस्पीकर. जनाबायकडे पाच दिवसांचा, ती गायब. तिच्याशिवाय घरात निरोप्या नाही. सु. आणि मी दोन बायका, एक टीव्ही, नऊ कोंबड्या.

विहारात वाचायला सु. जात नाही. मोरेदादा स्वतः वाचतात, पानं गाळून. बाया सात वाजून दहा मिनिटांनी घरी.

दुसरं पुस्तक घेतलं, आत्मकथन आहे. आमच्याकडची आत्मकथनं मी सगळी वाचलीत, शिकवलीत, त्यांवर व्याख्यानं दिलीत. आई असते, भूक असते, कंदील असतो, मास्तर असतात. आज पहिल्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि लिहिणाऱ्याची भावंडं शोधली. एक बहीण सतराव्या पानावर पाणी आणते. नव्वदाव्या पानावर तिचं लग्न होतं. मग नाही.

ज्याने लिहिलं तो शिकलेला. घरी राहिलेल्यांनी लिहिलं नाही. इतकी साधी गोष्ट. मला साठाव्या वर्षी.

राग यायला हवा होता. पूर्वी असल्या शोधावर रात्रभर पेटून उठले असते. पुस्तक बाजूला ठेवून दोडकी चिरली.

१ सप्टेंबर, सोमवार

वेणी. पाणी. केर. अंडी चार. पाऊस उभा-आडवा. विशेष काही नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

सहालाच लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणे. टीव्ही बंद, पंखा बंद. दोघी ओट्यावर. बघायला पडदा नाही, बोलायला कोंबड्या नाहीत, त्या खुराड्यात गेलेल्या.

सु. म्हणाली, "भूगोलाचा पेपर होता."

"काय?"

"आईनं आज नको जाऊ म्हटलं तवा. सातवीचा भूगोलाचा पेपर होता त्या दिवशी."

मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणाले.

"तुला कुठनं ठाऊक असनार. तुझा तवा अभ्यास चालला होता."

त्यात टोमणा नव्हता. नुसतं सांगितलं. मी म्हटलं, "सुमे, मी त्या दिवशी जे बोलले ते..."

"रुपालीनं सांगितलं तुला, होय ना? पोटात काय राहत नाय तिच्या." मग म्हणाली, "भूगोल मला येत पन नव्हता. नापासच झाले असते."

हसली की काय, अंधुकात कळलं नाही. मी हसले नाही, तिने माफी मागू दिली नाही, आणि तेवढ्यात लाइट आली. आतून मालिकेतली मोठी जाऊ जोरात बोलायला लागली. दोघी आत गेलो.

या सगळ्यातून मला काय वाटलं ते लिहायचं होतं. बधीर दाढेवर जीभ फिरवतात तसं झालं. दाढ आहे हे कळतं, तेवढंच.

७ सप्टेंबर, रविवार. पौर्णिमा

सकाळी मोरेदादांची बायको खिरीला दूध द्यायच्या निमित्ताने आली. जाता जाता सु.ला म्हणाली, "ताई, ह्यांचं वाचन आता सोसवत नाही बघा. कुठलं पान कुठं जोडतात. तुमी सावकाश वाचता पन सगळं वाचता."

सु.ने दूध आत ठेवलं. संध्याकाळी पावणेसातला टीव्ही बंद केला. कपाटातून पांढरी साडी काढली. भिंतीला म्हणाली, "निऱ्या."

मी निऱ्या घातल्या. पिन लावली. ती गेली. चल म्हणाली नाही.

मी मागून गेले, आत नाही. बाहेर चपला काढतात तिथे उभी राहिले. त्रिशरण-पंचशील झालं. मग तिचा आवाज. तसाच, सपाट, श्वासागणिक तुटणारा. प्लास्टर कागदावर घासल्याचा आवाज. पान उलटायला लागतो तेवढा वेळ.

तिसऱ्या पानावर ओळ चुकली. आत शांतता. मला पुढचं वाक्य येत होतं. जिभेवर होतं, अक्षरशः. ओठ दाबून धरले. कुणी तरी खोकलं. लहान पोर काही तरी म्हणालं, त्याला गप्प केलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, मला फार लांब वाटला.

सापडली तिला. पुढे वाचू लागली.

मी घरी येऊन भात लावला. ती आल्यावर जेवलो. मालिका बुडाली, तिने चकार शब्द काढला नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

मोरेदादा ओट्यावर. रविवारी आईचा पहिला स्मृतिदिन. शामियाना, खुर्च्या, जेवण, सगळं त्यांनी ठरवलंय. "वक्त्या म्हणून मॅडमचं नाव टाकतो पत्रिकेवर."

म्हटलं, नको. या वेळी भाषण नको. वंदना, परित्राण पाठ, जेवण. बस.

"असं कसं? लोक तुमचं ऐकायला येतात."

आतून सु.चा आवाज, मोठा, सरळ : "टाका नाव. का नको? गेल्या वर्सी बोलली ना, तर या वर्सी पन बोलंल."

बाहेर आली. मला म्हणाली, मला, तोंडाकडे बघून : "मी पुडंच बसनार. ह्या खेपेला खोटं बोललीस तर सगळ्यांदेखत उठून जाईन. ताटं वाढायला घेईन."

मोरेदादा हसायला लागले, मग बघितलं की कुणी हसत नाही, मग पाणी मागितलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भाषण मी कधी लिहीत नाही. मुद्दे पाकिटाच्या पाठीवर, तेही बहुतेकदा बघत नाही. आज दोन दिवस वही घेऊन बसलेय.

'आईने मला शिकवलं' इथपर्यंत येते. पुढचं लिहिलं की आई वाईट दिसते. आई वाईट नव्हती. तिच्याकडे एक पोर शिकवण्याइतकंच होतं आणि तिने थोरली निवडली. हे लिहिलं की मी वाईट दिसते. ते चालेल, पण त्यातही मीच दिसते. सु.बद्दल लिहिलं की ती बिचारी होते, आणि ती बिचारी नाही. मग तिला थोर करते. त्यागमूर्ती वगैरे. खोडलं. तो शब्द मी दीडशे बायांना लावलाय.

खरं बोलायला माझ्याकडे वाक्यंच नाहीत. सगळी टाळ्यांची आहेत.

शेवटी तिलाच विचारलं. ती लसूण सोलत होती, एका हाताने, गुडघ्याखाली धरून.

"सुमे, काय बोलू?"

"मला काय इचारतेस? शिकलेली तू."

लसणाची ताटली माझ्याकडे सरकवली. सोलत बसले.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळ. खुर्च्या आल्या, शामियाना एका बाजूला कललाय. आईचा फोटो टेबलावर. रुपाली बाळाला घेऊन आली, आल्या आल्या माझ्या कानात, "मावशी, काय ठरवलंस?" काही नाही, म्हटलं. तिला ते खोटं वाटलं.

सु.चे केस विंचरले. वेणी नको म्हणाली, अंबाडा घाल, लोक येतायत. पिना दातांत धरून बसली होती, एकेक मला देत.

पिना संपल्यावर : "किती वेळ बोलनार?"

"दोन मिनिटं."

"तुला नाय जमायचं."

"बघू."

"बघतेच."

उठली, गेली. इथून दिसतंय, पहिल्या रांगेत मधली खुर्ची धरून बसलीय. प्लास्टर मांडीवर. शेजारी कुणाला बसू देत नाहीये. बाया मागे बसतायत.

वही उघडीच आहे. चार ओळी लिहिल्या, तीन खोडल्या. उरलेली, 'त्या दिवशी सुमनचा भूगोलाचा पेपर होता', खरी आहे, पण त्यापुढे काय बोलायचं ते ठरलेलं नाही. वही नेणार नाही.

मोरेदादा माइकमध्ये फुंकर मारतायत. माझं नाव घेतलं, मागे विशेषणं लावून. सु.ने वळून घराकडे बघितलं.

पेन ठेवते. उकाडा आहे.